लाइनला पण डोकं-शेपूट असतं: कॅडमधली दिशा आणि कॉर्नरची भानगड

कॅडमधे, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमधे, दोन लाइन शेजारी शेजारी काढल्या, दोन्ही आडव्या, दोन्हींची लांबी ५००, लेयर (ड्रॉइंगचा थर) एकच, लाइनटाइप (रेघ अखंड, तुटक, मधे अक्षरं घातलेली अशी कशी दिसणार ते) पण एकच, आणि तरी एका लाइनवर गॅस लाइन या लाइनटाइपमधली अक्षरं सरळ दिसतायत आणि दुसरीवर डोकं खाली पाय वर. असं झालं की आपण आधी सॉफ्टवेअरला शिव्या घालतो, मग फाइल बंद करून परत उघडतो, मग लाइन खोडून परत काढतो, आणि परत काढताना योगायोगाने उलट्या बाजूने काढली तर ती बरोबर येते, आणि आपण खूश होऊन पुढे जातो. का बरोबर आली ते मात्र कळलेलं नसतं. मी पण पहिली दोन-अडीच वर्षं असंच काम केलंय त्यामुळे कुणाला हसत नाहीये.

आता कारण बघू. कागदावर पेन्सिलने रेघ मारली की ती डावीकडून मारली का उजवीकडून हे नंतर रेघ बघून कुणी सांगू शकत नाही, आणि आपलं डोकं तसंच चालतं, रेघ म्हणजे रेघ. कॅडमधे रेघ म्हणजे खरं तर दोन बिंदूंची नोंद आहे, एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा, आणि तो क्रम कायमचा लिहिलेला असतो. ऑटोकॅड या कॅड सॉफ्टवेअरची डीएक्सएफ फाइल (ड्रॉइंग मजकुराच्या रूपात साठवणारी) नोटपॅडमधे उघडून बघितलीत तर लाइनच्या नोंदीत १० नंबरच्या कोडखाली सुरुवातीचा एक्स आणि ११ नंबरखाली शेवटचा एक्स लिहिलेला सापडेल. म्हणजे पहिली क्लिक कुठे झाली हे लाइन विसरत नाही. पडद्यावर दिसत नाही एवढंच.

बघायचं असेल तर सोपं आहे, लिस्ट कमांड द्या आणि लाइन सिलेक्ट करा. डावीकडून उजवीकडे काढलेली असेल तर अँगल ० येईल, उजवीकडून डावीकडे काढलेली असेल तर १८०, आणि डेल्टा एक्सच्या (दोन टोकांच्या एक्समधल्या फरकाच्या) पुढे वजा चिन्ह. ऑटोकॅडमधे नेहमीच्या सेटिंगला शून्य अंश म्हणजे उजवीकडे, घड्याळात जिथे ३ वाजतात तिथे, आणि कोन वाढत जातो घड्याळाच्या उलट्या दिशेने, त्यामुळे वर जाणारी लाइन ९० आणि खाली येणारी २७०. हे एकदा डोक्यात बसलं की प्रॉपर्टीजमधला अँगलचा आकडा बघूनच लाइनचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे ते कळतं.

मग अक्षरं उलटी का आली? तर ज्या लाइनटाइपमधे मजकूर घातलेला असतो त्यातली अक्षरं लाइनच्या चालीने बसतात. लाइन १८० अंशात गेली की अक्षरंपण १८० अंशात फिरली, संपला विषय. आता यात एक बारीक गोष्ट आहे. नवीन व्हर्जनबरोबर येणाऱ्या लाइनटाइप फाइलमधे मजकुराच्या व्याख्येत आर ऐवजी यू असं अक्षर असतं, त्याचा अर्थ मजकूर वाचता येईल असाच ठेव, लाइन कुठूनही येवो. जुन्या व्याख्येत आर असायचं आणि तिथे अक्षरं लाइनबरोबर फिरायची. आणि गंमत अशी की ड्रॉइंगमधे एकदा लोड झालेला लाइनटाइप त्या ड्रॉइंगमधेच राहतो, त्यामुळे सॉफ्टवेअर नवीन घेतलं तरी जुन्या फाइलमधे जुनाच उलटा मजकूर दिसत राहतो. लाइनटाइप परत लोड करा, रीजेन (ड्रॉइंग पडद्यावर नव्याने काढायची कमांड) मारा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

पण सगळंच मजकुराचं नसतं. काही लाइनटाइपला एकाच बाजूला दात किंवा खुणा असतात, म्हणजे उताराची कड, बांधाची बाजू वगैरे दाखवणारे. तिथे यू-बियू काही उपयोगाचं नाही, तिथे दिशाच बदलायला लागते. त्याला रिव्हर्स कमांड आहे, ऑटोकॅड २०१० पासून. लाइन, पॉलिलाइन (एकमेकांना जोडलेल्या तुकड्यांची एकच लाइन), स्प्लाइन (वाहती वक्र रेघ) आणि हेलिक्स (स्प्रिंगसारखी वळलेली रेघ) एवढ्यांवर चालते. लाइन जागची हलत नाही, लांबी बदलत नाही, फक्त डोक्याचं शेपूट होतं. पॉलिलाइनची रुंदी एका टोकाला जाड आणि एकाला बारीक असेल तर उलटताना रुंदीचं काय करायचं ते पीलाइनरिव्हर्सविड्थ्स नावाचं एक लांबलचक व्हेरिएबल, म्हणजे सेटिंग, ठरवतं, बाण काढायला टेपर पॉलिलाइन वापरणाऱ्यांनी ते एकदा ० आणि १ करून स्वतः बघावं, वाचून कळण्यातलं नाही ते.

आर्क या यादीत नाहीये हे बघितलंत का? कारण साधा आर्क केंद्र, त्रिज्या, सुरुवातीचा कोन आणि शेवटचा कोन असा साठवला जातो आणि तो कायम घड्याळाच्या उलट्या दिशेनेच धरला जातो, तुम्ही कुठूनही काढा. म्हणजे आर्कला तुमच्या काढण्याची आठवणच नाही. आर्कवरचा लाइनटाइप उलटायचा असेल तर आधी पीएडिटने (पॉलिलाइन बदलायच्या कमांडने) त्याची पॉलिलाइन करायची आणि मग रिव्हर्स. पॉलिलाइनमधे वक्र भाग वेगळ्या पद्धतीने लिहितात, प्रत्येक व्हर्टेक्सबरोबर (तुकडे जिथे जुळतात त्या बिंदूबरोबर) बल्ज नावाचा एक आकडा असतो, सरळ तुकड्याला ०, अर्धवर्तुळाला १, आणि मधल्या कुठल्याही वक्राला त्याच्या केंद्रकोनाच्या चौथाईचा टॅन (त्रिकोणमितीतला टँजंट). घड्याळाच्या उलट वळत असेल तर अधिक, घड्याळाप्रमाणे वळत असेल तर वजा. स्वतःची स्क्रिप्ट लिहून पॉइंटचा क्रम उलटवणारे लोक इथेच मार खातात, पॉइंट उलटवतात आणि बल्जचं चिन्ह तसंच ठेवतात, मग बाहेर फुगलेले सगळे वक्र आत फुगतात.

बरं, आता एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. सगळ्याच कमांड लाइनमधे लिहिलेली दिशा बघतात असं नाही. खूप कमांड तुम्ही लाइनवर कुठे क्लिक केलंत ते बघतात. मेजर कमांड घ्या, १००० लांबीच्या लाइनवर ३०० च्या अंतराने खुणा टाकायच्यात, तर खुणा ३००, ६००, ९०० वर पडणार आणि उरलेले १०० एका टोकाला राहणार. कुठल्या टोकाला? ज्या टोकाजवळ क्लिक केलंत तिथून मोजायला सुरुवात होते, म्हणून उरलेले १०० त्याच्या विरुद्ध टोकाला. लाइन कुठून काढली होती याच्याशी संबंध नाही. बंद पॉलिलाइन असेल तर मात्र तिच्या पहिल्या व्हर्टेक्सपासून सुरू होतं, तिथे तुमची क्लिक कामाची नाही. लाइनची लांबी बदलणारी लेंग्दन कमांड पण क्लिकच्या जवळचं टोक वाढवते. यूसीएस (आपल्या सोयीचे एक्स-वाय अक्ष) ऑब्जेक्ट ऑप्शनने लाइनवर लावला तरी जवळचं टोक शून्य बिंदू होतं. एवढंच काय सिलेक्शनची चौकट डावीकडून उजवीकडे ओढली की पूर्ण आत आलेल्याच वस्तू धरते आणि उजवीकडून डावीकडे ओढली की नुसतं शिवलेल्या पण धरते. म्हणजे दिशा दोन प्रकारच्या झाल्या, एक लाइनच्या पोटात साठवलेली आणि एक तुमच्या हाताची, माउसची. कॅड येड्यासारखं वागतंय असं जेव्हा जेव्हा वाटतं तेव्हा बहुतेक वेळा या दोन्हीपैकी एकीकडे आपलं लक्ष नसतं, असं माझं मत झालंय.

साठवलेल्या दिशेचा सगळ्यात महागात पडणारा प्रकार म्हणजे मल्टिलाइनने (समांतर रेघा एकदम काढणाऱ्या कमांडने) भिंती काढणं. जस्टिफिकेशन (जाडी क्लिकच्या कुठल्या बाजूला पडणार ते) टॉप ठेवलं की डावीकडून उजवीकडे जाताना भिंतीची जाडी कर्सरच्या खाली पडते, म्हणजे चालणाऱ्याच्या उजव्या हाताला. आता ३००० बाय ४००० ची खोली, भिंत २०० ची. कोपरे घड्याळाच्या दिशेने क्लिक करत गेलात तर उजवा हात म्हणजे खोलीची आतली बाजू, जाडी आत पडली, आतली मोकळी जागा उरली २६०० बाय ३६००. तेच चार कोपरे उलट्या क्रमाने क्लिक केले तर जाडी बाहेर, आतून बरोबर ३००० बाय ४००० आणि बाहेरून ३४०० बाय ४४००. चारही क्लिक त्याच जागी, फरक फक्त क्रमाचा, आणि प्रत्येक बाजूला ४०० चा फरक! मी एकदा अर्धा मजला असा आणि अर्धा तसा काढला होता, दिवसभर डायमेन्शन का जुळत नाहीत ते शोधत बसलो.

मशीनवर कटिंगला जाणाऱ्या ड्रॉइंगमधे तर बंद आकाराची दिशा म्हणजे थेट टूल कुठून जाणार हेच. सीएनसीच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या, कोडमधे जी४१ म्हणजे कटर चालीच्या डावीकडे सरकव, जी४२ म्हणजे उजवीकडे, जी४० म्हणजे ते रद्द कर. डावं-उजवं हे चालीवरून ठरतं त्यामुळे बाहेरची कड कापताना घड्याळाच्या दिशेने गेलात तर डावीकडे म्हणजे आकाराच्या बाहेर, मापं बरोबर. पॉलिलाइन उलटी असेल आणि सॉफ्टवेअर तिचीच दिशा उचलत असेल तर कटर आकाराच्या आतून जाणार आणि तुकडा प्रत्येक बाजूने कटरच्या पूर्ण व्यासाएवढा लहान निघणार. नकाशाच्या फाइलींमधे पण हाच खेळ आहे, शेपफाइलमधे बाहेरचं रिंगण घड्याळाच्या दिशेने धरतात आणि जिओजेसनच्या २०१६ च्या स्टँडर्डमधे बरोबर उलटं. ज्याचं काम त्यात असेल त्याने लक्षात ठेवावं, बाकीच्यांनी सोडून द्या.

आता कॉर्नर.

कॉर्नरची मुख्य कमांड फिलेट, आणि लोकांना वाटतं ती फक्त गोलाई द्यायला आहे. माझ्या मते तिचा अर्धा वापर गोलाई न देण्यासाठी होतो! रेडियस ० ठेवा आणि दोन लाइन क्लिक करा, त्या एकमेकींपर्यंत वाढून किंवा कापल्या जाऊन टोकदार कॉर्नर तयार. एक्स्टेंड (वाढवणं) आणि ट्रिम (कापणं) असं दोनदा करायची गरज नाही. आणि फिलेटला शेवटी दिलेली रेडियस लक्षात राहते, ती २५ असताना परत ० करायचा कंटाळा येतो, तर दुसरी लाइन क्लिक करताना शिफ्ट दाबून धरा, तेवढ्यापुरती ० धरली जाते आणि २५ तशीच राहते. ही एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं.

इथे हाताची दिशा परत येते. अधिक चिन्हासारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन लाइन असतील तर त्यांच्यापासून चार वेगवेगळे कॉर्नर होऊ शकतात. कुठला करायचा हे कमांडला कसं कळणार? तुम्ही क्लिक केलेल्या भागावरून. फिलेटमधे ज्या भागावर क्लिक करता तो भाग राहतो, आणि ट्रिममधे ज्या भागावर क्लिक करता तो भाग जातो. अगदी उलट. ट्रिमची सवय लागलेला माणूस फिलेटमधे पण नको असलेल्या तुकड्यावर क्लिक करतो आणि मग नको तोच राहिलेला बघत बसतो. आडव्या लाइनचा उजवा भाग आणि उभ्या लाइनचा वरचा भाग हवाय ना, मग तिथेच क्लिक करा, कॉर्नरच्या जवळ जायची पण गरज नाही.

रेडियस खूप मोठी आहे असा मेसेज कधी येतो ते समजायला थोडं गणित लागतं पण घाबरू नका, एकच सूत्र आहे. गोलाई लाइनला जिथे चिकटते तो बिंदू कॉर्नरपासून किती लांब, तर रेडियस भागिले कॉर्नरच्या अर्ध्या कोनाचा टॅन. ९० अंशाच्या कॉर्नरला हे अंतर रेडियसएवढंच येतं. ६० अंशाच्या टोकदार कॉर्नरला १.७३ पट, आणि १२० अंशाच्या पसरट कॉर्नरला ०.५८ पट. म्हणजे कॉर्नर जेवढा टोकदार तेवढी तीच रेडियस जास्त लाइन खाते. आता आयतात ४० ची एक बाजू आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना २५ ची गोलाई हवीय, ९० अंशात प्रत्येक गोलाई २५ खाणार, दोन मिळून ५०, आणि बाजू आहे ४० ची. बसणारच नाही. आतले कॉर्नर मिलिंगने (फिरत्या कटरने) कापायचे असतील तर याच्या उलटं बंधन पण असतं, ६ मिमीच्या कटरने आतला कॉर्नर ३ मिमीपेक्षा कमी रेडियसचा होऊच शकत नाही, ड्रॉइंगमधे कितीही टोकदार काढा.

पॉलिलाइन असेल तर फिलेटमधे पॉलिलाइन हा ऑप्शन घेऊन सगळे कॉर्नर एका झटक्यात होतात आणि खाली किती झाले आणि किती तुकडे लहान पडले ते लिहून येतं, ती ओळ वाचायची सवय लावा. इथे हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे चौकोनाचे तीनच कॉर्नर गोल होतात आणि चौथा टोकदार राहतो. दिसायला चौकोन बंद आहे, पण काढताना शेवटी क्लोज न देता पहिल्या पॉइंटवर नुसतं क्लिक केलेलं असतं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी तो कॉर्नरच नाहीये, दोन सुटी टोकं एकाच जागी आलीयत. प्रॉपर्टीजमधे क्लोज्ड पुढे नो दिसलं की समजून जा. आणि आधीची गोलाई बदलायची असेल तर आर्क खोडत बसू नका, पॉलिलाइनमधे गोलाईच्या दोन्ही बाजूचे सरळ तुकडे नव्या रेडियसने फिलेट केले की जुना आर्क जाऊन नवा येतो, ० दिली तर परत टोकदार.

समांतर लाइन फिलेट केल्या तर रेडियस बघितलीच जात नाही, दोन्हींच्या मधे अर्धवर्तुळ बसतं. स्लॉट (दोन्ही टोकांना गोल असलेली खाच) काढायला मस्त. आणि फिलेट केल्यावर आर्क आला पण लाइन तशाच लांब राहिल्या तर ट्रिममोड (जादा लाइन कापायची का ते ठरवणारं सेटिंग) ० झालेला असतो, तो फिलेट आणि चॅम्फर (कॉर्नर तिरका कापायची कमांड) दोघांचा मिळून एकच आहे, एकीकडे बदलला की दुसरीकडे पण बदलतो.

चॅम्फरमधे क्लिकच्या जागेइतकाच क्लिकचा क्रम महत्त्वाचा. १० आणि २० अशी दोन अंतरं दिली असतील तर पहिलं अंतर पहिल्यांदा क्लिक केलेल्या लाइनवर पडतं, दुसरं दुसरीवर. दोन्ही सारखी असतील तर कसंही करा. अँगलने चॅम्फर दिला तर लांबी आणि कोन दोन्ही पहिल्या लाइनवरून मोजतात, म्हणजे चौकोनी कॉर्नरला लांबी १० आणि कोन ३० दिला तर दुसऱ्या लाइनवर ५.७७ कापलं जाईल, आणि क्रम उलटला तर आकडे पण जागा बदलतील. पार्टला डावीकडे आणि उजवीकडे सारखा चॅम्फर द्यायचा असेल तर दोन्हीकडे आधी आडवी मग उभी असं एकच ठरवून टाका, नाहीतर सरळ मिरर मारा.

तुटक लाइनचा कॉर्नर खराब दिसतो ही पण नेहमीची तक्रार असते, ते पीलाइनजेन नावाच्या सेटिंगमुळे. ० असताना प्रत्येक व्हर्टेक्सला पॅटर्न नव्याने सुरू होतो त्यामुळे कॉर्नर भरलेला दिसतो पण छोटे छोटे तुकडे असलेली लाइन तुटक न दिसता अखंडच दिसते. १ केलं की पॅटर्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाहतो, वक्र छान दिसतात, पण कधी कधी नेमकी मोकळी जागा कॉर्नरवर येते आणि कॉर्नर उघडा दिसतो. मी काँटूरला (नकाशावरच्या समान उंचीच्या रेघांना) १ ठेवतो आणि चौकोनी आकारांना ०.

कॉर्नर वाढवायचा, काढायचा, सरकवायचा असेल तर पॉलिलाइनच्या ग्रिपवर (सिलेक्ट केल्यावर दिसणाऱ्या छोट्या चौकोनावर) कर्सर नुसता थांबवा, ॲड व्हर्टेक्स, रिमूव्ह व्हर्टेक्स असा मेनू येतो, रोजच्या कामाला तेवढं पुरतं. जुनी पीएडिटमधली एडिट व्हर्टेक्स ही पद्धत आता कुणी फारशी वापरत नाही पण एका कामाला ती अजून भारी आहे. ती सुरू केली की पॉलिलाइनच्या पहिल्या व्हर्टेक्सवर फुली येते, एंटर मारत गेलात की फुली पुढच्या व्हर्टेक्सवर सरकत जाते, म्हणजे पॉलिलाइन कुठून कुठे चाललीय ते डोळ्यासमोर दिसतं. इन्सर्ट दिलं तर नवा कॉर्नर फुलीच्या पुढच्या तुकड्यात येतो, मागच्या नाही, आणि विड्थ दिली तरी पुढच्याच तुकड्याला लागते. त्यामुळे नवा कॉर्नर भलत्याच बाजूला येत असेल तर अनडू करून एक व्हर्टेक्स मागे जा, प्रीव्हियस देऊन. फुली शेवटच्या व्हर्टेक्सवरून पुढे पहिल्यावर जात नाही, आकार बंद असला तरी, तिथे अडकलात तर कमांड बिघडलेली नाहीये, मागे फिरायचं.